सिस्टरच्या टाचेची सुई

सिस्टर, तुझी टाच शेवटपर्यंत दुखत होती का?

तेरवी झाली, पाहुणे गेले, मांडव निघाला, आणि माझ्या डोक्यात हा एवढा एकच प्रश्न उरला आहे. लोक शेजारी येऊन बसतात, तुझ्या चांगुलपणाचं बोलतात. मी मान हलवतो आणि मनात म्हणत असतो, दुखत होती की नव्हती? मग मी उठतो. परसात जातो, विहिरीचा दोर पाहतो, तो जिथे असतो तिथेच असतो. परत येतो. आपली मनू नागपूरहून आली ती अजून इथेच आहे. ती म्हणते, "बाबा, बसा ना जरा." कुठे बसू? बसलो की तो प्रश्न आधीच तिथे येऊन बसलेला असतो.

आणि गंमत बघ, तू होतीस तेव्हा हेच मला विचारता येत नव्हतं. मी शब्द दिला होता. आज मोडतो. तू समोर असतीस तर म्हणाली असतीस, "पाहा जी, गुरुजीचा शब्द!" म्हण. म्हणायला तरी ये.

कागदोपत्री तू कौशल्या. पण तुला बघायला मी सालेकश्याला आलो तेव्हा तू आरोग्य खात्यात नुकतीच नर्स म्हणून लागली होतीस. तुमच्या दारात बाया लेकरं काखेत घेऊन उभ्या होत्या, आणि जो येईल तो एकच विचारत होता, "सिस्टर हायेत का?" माझ्याही तोंडून तेच निघालं. तू पडद्याआडून हसलीस. माझ्या गावी दवनीवाड्याला, आईला हे कधीच पटलं नाही, बायकोला कोणी सिस्टर म्हणतं का म्हणायची. पण मला दुसरं काही जमलंच नाही. तूही मला अहो म्हटलं नाहीस, गुरुजीच म्हणत राहिलीस. दोन सरकारी माणसांचा संसार तो.

तुझं काम सुयांचं, आणि तुझा स्वभाव सुईच्या विरुद्ध. आपल्या भागात डॉक्टरकडे जाऊन सुई न घेता परतलेला माणूस म्हणजे पंगतीतून उपाशी उठलेला. ताप असो, कंबर असो, नवऱ्याशी भांडण झालेलं असो, "सुई लावून द्या." त्यातही जी झोंबते ती खरी. झोंबली नाही तर औषधात पाणी घातलं असणार, असा सगळ्यांचा पक्का समज. तू मात्र लेकरांच्या लसी सोडल्या तर कोणाला सहजासहजी सुई दिली नाहीस. "ताप उतराले गोळी पुरते. सुई कायले पाहिजे?" असं म्हणत तू त्या दरेकश्याच्या डोंगरातल्या लोकांशी वर्षानुवर्षं भांडत राहिलीस. तुला ते 'सुई न देणारी सिस्टर' म्हणत, आणि तरी तुझ्याकडेच येत.

सालेकश्याहून सकाळच्या पॅसेंजरने दरेकसा, तिथून पायी. सगळ्यात शेवटी वरचा टोला, डोंगरावरची ती छोटी वस्ती, जिथे गाडी जात नाही, सायकलही खांद्यावर न्यावी लागते. लसीचा डबा काखेला लावून तू चढायचीस. तुझ्या आधीच्या कुणी सिस्टर म्हणे त्या लोकांना खाली बोलवायच्या. तू म्हणायचीस, बाळंतिणीनं खाली यायचं की मी वर जायचं, हे कोणालाही कळेल.

मी याच्या उलट. शाळेत मी कधी खुर्चीवर बसून शिकवलं नाही, वर्गात येरझाऱ्या घालत शिकवायचो. जेवताना अर्ध्यातून उठून फाटक लागलं का पाहायचो. माझ्या पायाला भिंगरी आहे हे सगळं गाव म्हणायचं, तू मात्र ते रागाने म्हणायचीस. आठवतं ना, लग्नानंतर आपण इटियाडोहला गेलो होतो. तू पाण्याकडे तोंड करून बसलीस, डबा उघडलास. आणि मी धरणाच्या भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. तुझ्या पोळ्या सुकून गेल्या. तू एवढंच म्हणालीस, "एवढं मोठं पानी हाय, तेबी बसलं हाय. तुमी बसाना." मी हसण्यावारी नेलं. तू पुन्हा कुठे सहलीला चल म्हणाली नाहीस.

मग टाच आली. मनू तेव्हा दहावीला. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना तू भिंत धरायला लागलीस. टाचेच्या मागून पोटरीकडे जाणारा तो जाड दोर सुजून बोटाएवढा झाला होता, दाबला की तू ओठ आवळायचीस. थोडं चाललीस की सैल पडायचा, संध्याकाळी पुन्हा लाकूड. विटेचा शेक झाला. माझ्या आईने बिब्बा घालून कातडी भाजली, ते वेगळंच निस्तरावं लागलं. चपलेत फोमचा तुकडा घातला. वर्ष गेलं, दुसरं गेलं, दुखणं जागचं हललं नाही.

मी म्हणत होतो, गोंदियाला हाडांचे डॉक्टर आहेत, टाचेत इंजेक्शन देतात, चल. तू काही हलेनास.

"लोकाईले सुई नको सुई नको म्हणता म्हणता माही जिंदगी गेली, अन् मीच जाऊ सुई घ्याले?"

"तू भेतेस," मी म्हणालो.

"मी? अख्ख्या तालुक्याले टोचलं म्या."

"टोचणारे येगळे, टोचून घेणारे येगळे."

त्यावर तू ताट आपटलंस. म्हणजे भीतच होतीस. हे मी आजही तुला ऐकवणार आहे.

एक दिवस दरेकश्याच्या फलाटावर गाडीतून उतरताना तुझा पाय टेकेना. लसीचा डबा आधी खाली ठेवलास आणि गाडीच्या पायरीवर तशीच बसून राहिलीस. गार्डाने शिट्टी थांबवली. कोण्या बाईने हात दिला तेव्हा उतरलीस. हे तू मला सांगितलं नाहीस, स्टेशनवरच्या चहावाल्याने सांगितलं. मी विषय काढण्याआधीच दुसऱ्या सकाळी तूच पिशवी भरून दारात उभी होतीस. "चला बाप्पा तुमच्या गोंदियाले."

डॉक्टर भले माणूस. दोर चिमटीत धरून बघितला, यंत्र फिरवून पडद्यावर दाखवला. आत उसवलेल्या सुतळीसारखं काहीतरी दिसत होतं. म्हणाले, "सिस्टर, एक सुई ऐसी है कि दर्द जल्दी दब जाएगा. पर वो टेंडन को कमजोर करती है, कभी टूट भी जाता है. मैं नहीं देता. दूसरी में आपका ही खून लेंगे, मशीन में घुमाएँगे, उसका ऊपर का पानी वहीं छोड़ेंगे. किसी को फायदा होता है, किसी को नहीं. टाइम लगेगा."

तू लगेच म्हणालीस, "दुसरीच द्या. दुखनं झाकाचं नाई मले."

हे वाक्य लक्षात ठेव, सिस्टर. मी तर गेली कित्येक वर्षं तेच धरून बसलो होतो.

मलेरियाच्या तपासणीसाठी लोकांच्या बोटांतून आयुष्यभर थेंब थेंब रक्त काढणारी तू, त्या दिवशी हात पुढे करून बसलीस आणि तोंड फिरवलंस. मग पालथं निजवलं. तू मान उचलून विचारलंस, सुई कोणत्या नंबरची. डॉक्टर हसले. मी म्हणालो मी हात धरतो. तू म्हणालीस, बाहेर जा, तुमाले भोवळ येईल. मी गेलो नाही आणि मला भोवळ आली. कंपाउंडरने मला स्टुलावर बसवून पाणी मारलं, आणि तुझी सुई झाली तेव्हा तूच लंगडत येऊन विचारलंस, "बरं वाटून राहिलं का जी?" ही गोष्ट तू पुढे अख्ख्या टोल्यात सांगितलीस, तिखटमीठ लावून.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पंधरवडाभर दुखणं वाढेल, घाबरायचं नाही. बर्फ नको, दुखण्याची गोळी नको, चोळायचं नाही. तुझे ते दिवस कसे गेले ते मी पाहिलं आहे. तू कण्हत नव्हतीस, चिडत होतीस. वरच्या टोल्यातल्या बाया लेकरं घेऊन आपल्या अंगणात उतरल्या. सिस्टरला सुई लावली आणि सिस्टर चालू शकत नाही, म्हणजे केवढी जबर सुई असेल! आणि पुढच्या काही महिन्यांत तू जशी सावरत गेलीस, तशी बातमी पसरली. धानाच्या बांधीत आणि दगडांत जन्म काढलेल्या बाया त्या, टाच कोणाची दुखत नाही? "सिस्टर, तुले लावली ते एडीची सुई आमालेबी लाव." आयुष्यभराच्या तुझ्या शिकवणीवर एका सुईने पाणी फिरवलं.

तू मग त्यांना पायरीवर चढवलंस. डॉक्टरांनी तुला व्यायाम दिला होता, पायरीच्या काठावर चवड्यांवर उभं राहायचं आणि टाचा हळूहळू खाली सोडायच्या. आपल्या दाराच्या पायरीवर चौकट धरून तू तो रोज करायचीस. चौकटीचा तेवढाच भाग अजून काळपट आहे. टोल्यातल्या शाळेच्या ओट्यावर तू सगळ्या बायांना रांगेत उभं केलंस. "सुईनं नाई, यानं बरी झाली मी," असं सांगायचीस. अर्धं खरं, अर्धं खोटं. म्हाताऱ्या सुकवारोबाईने ओट्यावरून पदर खोचून टाचा खाली सोडल्या आणि म्हणाली, "हे तं आमी धानाच्या रोवण्यात रोजच करतो, सिस्टर. चिखलात." तू पोट धरून हसलीस. घरी येऊन मला करून दाखवलंस.

पण आपलं भांडण त्याआधीचं. सुई घेऊन घरी बसलीस त्याच दिवसांत मी तुझ्या बदलीचं बोलणं काढलं. दवनीवाड्याकडे जागा होती. सपाट मुलूख, रस्त्यावरचं उपकेंद्र, घरचं शेत जवळ. माझं म्हणणं साधं होतं, की ज्या टाचेने तुला गाडीच्या पायरीवर बसवलं तिला पुन्हा डोंगर दाखवू नये. तुझं म्हणणं त्याहून साधं.

"वरच्या टोल्यात मंग कोण जाईल?"

"जाईल कोनीतरी."

"तं त्याले आताच धाडा. मी पायते तो कसा जाते."

दिवसभर हेच. मी अंगणात फेऱ्या मारत बोलायचो, तू खाटेवरून उत्तरं द्यायचीस. शेवटी मी शर्त लावली. मंडईपर्यंत थांबू. दिवाळीनंतर गावोगावी भरणारी मंडई, आपल्याकडची ती जत्रा, आटोपली की लसीच्या पहिल्या दिवशी मी तुझ्यासोबत वर येतो. लंगडलीस तर बदलीच्या अर्जावर सही.

"अन् नाई लंगडली तं?"

"तं टाच हा शब्द माह्या तोंडून पुन्यांदा निघनार नाई."

"दुखते का म्हून इचाराचं नाई. वर जाऊ नको म्हनाचं नाई."

"नाई."

"गुरुजीचा शब्द हाय ना?"

"हाय."

त्या दिवशी मी तुझ्या मागे मागे चढलो. निसर्गाबिसर्गाकडे माझं लक्ष नव्हतं, मी तुझ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघत होतो. डावा पाय. कुठे अडखळतो का, कुठे वाचवून टाकते का. तू बोलत बोलत चढत होतीस, मधे एका पोरीच्या नाकातला शेंबूड पुसलास, डबा या काखेचा त्या काखेला केलास. धाप मला लागली. वर पोचल्यावर सुकवारोबाईने मला पाणी दिलं आणि तुला म्हणाली, "तुहा मालक बसत काऊन नाई? उभ्यानंच पानी पेते." तू लंगडली नव्हतीस. मी हरलो होतो. निघताना तिने तुझ्या पिशवीत टोरीच्या तेलाची बाटली घातली, मोहाच्या बियांचं ते तेल, थंडीत तुपासारखं गोठतं ते.

खाली फलाटावर आलो. गाडी नेहमीसारखी लेट. मी येरझाऱ्या घालत होतो, हरल्याचा राग आणि तू बरी झाल्याचा आनंद एकमेकांत मिसळून. तू बाकावरून हाक मारलीस.

"गुरुजी, इकडं या. आता दुखून राहिली."

मी धावत आलो. म्हणालो, आत्ता तर तू... तू म्हणालीस, "चढतानी नाई दुखत. थांबलं का दुखते." आणि बूट काढून पाय माझ्या मांडीवर ठेवलास, भर फलाटावर. मी बाटलीतलं तेल हातावर घेतलं. गाडी येईपर्यंत चोळत बसलो. तू लेकरांच्या लसींपासून मनूच्या कॉलेजपर्यंत काय काय बोलत होतीस. मी ऐकत होतो, आणि आतून जळत होतो. म्हणजे हिने दात आवळून डोंगर चढला. शर्त जिंकायला. शेकडो लेकरांना सुई खुपसताना "काही नाई होत, मुंगी चावली" म्हणणारी बाई, तिला आपल्या तोंडावरची रेघ न हलवता चढणं काय अवघड?

आणि शब्द दिलेला. विचारायची सोय नाही.

त्यानंतर रोज. संध्याकाळी तू दाराच्या पायरीवर बसायचीस, बाटली बाजूला, आणि मी शाळेतून, पुढे निवृत्त झाल्यावर बाजारातून, कुठूनही आलो की हाक यायची, "गुरुजी, पाय." बस, एवढंच. मी खालच्या पायरीवर बसायचो. थंडीत बाटली चुलीपाशी ठेवून तेल पातळ करायचो. मनूचं लग्न त्या पायरीवर ठरलं. माझी आई गेली तेव्हा मी रडलो तो त्याच पायरीवर, तुझा पाय हातात धरून, आणि तू तो तसाच राहू दिलास. वरच्या टोल्यात कोण बाळंत झालं, कोणाच्या पोटी पोरगी आली, कोणी अजूनही सुई मागतो, सगळं मला त्या पायरीवर कळलं. लग्नाच्या पहिल्या वीस वर्षांत आपण जेवढं बोललो नसू तेवढं तिथे बोललो.

पण मनातलं ते नाही बोललो. तुझ्या पायावरून अंगठा फिरवताना रोज वाटायचं, उद्या ही पुन्हा चढेल आणि पुन्हा दुखेल. मीच नेलं होतं हिला सुईला. सुई लागू पडली नाही आणि माझ्या शर्तीमुळे हिला तसं म्हणताही येत नाही. रोज तोंडापर्यंत यायचं. रोज गिळायचो.

एकदा तर तू उजवा पाय पुढे केलास. सुई डाव्याला होती. मी थांबून बघितलं. तू क्षणभर गडबडलीस, मग म्हणालीस, "डाव्याच्या वाटचं हाच चालते ना जी, तं यालेबी दुखनारच." मी गणिताचा मास्तर, मला ते पटलं! वर अजून वाईट वाटलं, की आता दोन्ही पाय गेले. आणि कधी कधी तू हसायचीस. "हासून काऊन राहिली?" विचारलं की म्हणायचीस, "गुदगुल्या होतेत."

तू निवृत्त झालीस. निरोपाच्या दिवशी टोल्यातले लोक डोंगर उतरून, पुढे गाडी करून आले, तुला हार घालायला. मी मनात म्हटलं, सुटली. आता डोंगर नाही, आता दुखणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, "गुरुजी, पाय." मी बसलो. काय करणार?

मग ती सकाळ. त्याबद्दल बोलत नाही. चहा अर्धा पिऊन तू छातीला हात लावलास आणि आपण गोंदियापर्यंत पोचलो नाही, एवढंच. दवाखान्यात तुझ्यावरची चादर मी पायापासून उचलली. लोकांनी तोंड पाहिलं, मी टाच पाहिली. तो दोर अजूनही जरा जाडच होता. तिथून हे डोकं उठलं आहे ते उठलं आहे.

तेरवीनंतर कुणाला न सांगता मी गाडी पकडून त्या डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, सुई लागली होती की नाही? त्यांनी ओळखलं मला, भोवळ आलेला माणूस म्हणून. चष्मा काढून म्हणाले, "गुरुजी, मोटा तो रह जाता है, पर दर्द नहीं रहता. ऐसा भी होता है. और ऐसा भी कि फोटो में सब ठीक और आदमी लंगड़ा रहा है. जिसकी एड़ी, वही बता सकता है." मी म्हटलं, ती सांगायला नाही ना आता. त्यांनी कंपाउंडरला हाक मारली. माझ्यासाठी चहा मागवला, मी तो उभ्यानेच प्यालो.

आज दुपारी सुकवारोबाई आली. सोबत टोल्यातल्या तिघीचौघी. मोहफुलांचे दिवस, रानात पहाटेपासून वेचणी, त्यांना बातमीच उशिरा कळली. अंगणात आल्या, चपला काढल्या, तुझ्या फोटोपुढे बसल्या आणि मोठ्याने रडल्या. आपल्या घरात एवढं मोकळं कोणी रडलं नव्हतं. मी या दारातून त्या दारात करत होतो. सुकवारोबाईने डोळे पुसले, पिशवीतून टोरीच्या तेलाची बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या जी. घरचं तेल."

मला राहवलं नाही. विचारलंच. "सुकवारोबाई, खरं सांगजो. वर चढतानी सिस्टरची टाच दुखे का? बसे का कुठं? लंगडे का?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिची थट्टा करतो आहे की काय, अशी.

"सिस्टरची? ते एडीची सुई लावली, अन् मंडई झाली त्या सालची, तवापासून कदीच नाई जी. शेळीवानी चढे. आमी मागं राहू, अन् ते वरून बोलावे, या ना वो म्हाताऱ्याहो!"

बाकीच्या रडता रडता हसल्या. "हो जी," एक म्हणाली, "पोटरी पाहा म्हने, कशी पक्की झाली."

"मंग हे तेल?" मी म्हणालो. "दरसाल तेल नेये ना ते?"

"ते तं तुमच्यासाठी नेये."

"माह्यासाठी?"

"हो. म्हने, आमचे गुरुजी एका जागी बसतच नाई. हे तेल हातावर घेतलं का बसतेत." सुकवारोबाई माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "मी समजली, तुमचेच पाय दुखतेत. आता सिस्टर नाई, तं तुमी बसतच नसान म्हून आनलं."

सिस्टर, मी त्या बायांसमोर आधी हसलो. मोठ्याने. मग मला तुझा असा राग आला, की तू समोर असतीस तर मी ताट आपटलं असतं. एवढी वर्षं! एवढी वर्षं मी रोज तुझ्या टाचेत जीव अडकवून बसलो, आणि तू वर बसून गुदगुल्यांना हसत होतीस. दुखणं झाकायचं नाही म्हणणारी तू, नसलेलं दुखणं माझ्यापुढे मांडून बसलीस. फसवलंस मला. गणिताच्या मास्तरला डावा आणि उजवा पाय सांगून फसवलंस. आणि मग रडू आलं ते थांबेना, कारण तुला दुखत नव्हतं. त्या चढावर एकदाही दुखलं नव्हतं. सुई लागली होती, सिस्टर. आपली सुई लागली होती.

बाया गेल्या. संध्याकाळ झाली तसे पाय आपोआप फाटकाकडे वळले, सवयीने. फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. बाटली हातातच होती. खालच्या पायरीवर बसलो, माझ्या जागी. वरची तुझी. मनू आतून चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. मग कप माझ्याजवळ ठेवून आत गेली. मी तो बसून प्यालो, शेवटपर्यंत.

आता हातावर तेल घेतलं आहे. फाटक उघडं आहे, मला दिसतं आहे, राहू दे. मी कुठे जात नाही.

पाय दे इकडे. कोणताही चालेल.